दोन वर्षांचा कोर्स, मला पाच लागली: अमेरिकेत डेंटल हायजिन शिकायचं असेल तर

कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: डेंटल हायजिन, असोसिएट पदवी, कालावधी दोन वर्षं. मला पाच लागली. दीड वर्ष आधीचे विषय करण्यात गेलं, दोन वर्षं प्रत्यक्ष कोर्समध्ये, सहाएक महिने परीक्षा आणि लायसन्समध्ये, आणि उरलेलं एक अख्खं वर्ष लशीच्या एका डोसपायी. निदान ते एक वर्ष तरी तुमचं वाचावं म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी मूळची साताऱ्याची, बी.कॉम. झालेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर न्यू जर्सीत आले. दातांशी माझा संबंध सकाळ-संध्याकाळ ब्रश फिरवण्यापुरता. कम्युनिटी कॉलेजात हे शिकायला जाणार म्हटल्यावर बाबा फोनवर म्हणाले, "दात घासायला कॉलेज लागतं का गं तिकडे?" त्यांचंही चुकलं नाही. आपल्याकडे दातांवर साचलेलं किटण काढायचं काम डेंटिस्ट स्वतःच करतात. भारतातल्या १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यातच डेंटल हायजिनिस्टची वेगळी नोंदणी धरलेली होती, पण गावातल्या दवाखान्यात हायजिनिस्ट भेटल्याचं मला तरी आठवत नाही. अमेरिकेत उलटं आहे. सहा महिन्यांनी दात साफ करायला जाता तेव्हा तासभर तुमच्याजवळ बसते ती हायजिनिस्ट. डेंटिस्ट शेवटी पाच मिनिटं डोकावतात. एक्स-रे काढणं, दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजणं, हिरडीखालचं किटण काढणं आणि बहुतेक राज्यांत भूल द्यायचं इंजेक्शनसुद्धा तिच्याकडे असतं. हा व्यवसाय सुरूच मुळी अमेरिकेत झाला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावात आल्फ्रेड फोन्स नावाच्या डेंटिस्टने १९०६ मध्ये आपल्या मदतनीस आयरीन न्यूमनला हे काम शिकवलं आणि १९१३ मध्ये त्याची शाळाच काढली.

बीडीएस झालेल्यांसाठी आधी दोन शब्द

महाराष्ट्रातून बीडीएस करून लग्नानंतर इकडे आलेल्या मुली पुष्कळ. तुमच्या पदवीवर इथे डेंटिस्ट म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी डेंटिस्टांची आयएनबीडीई ही राष्ट्रीय परीक्षा आणि विद्यापीठातला दोन-तीन वर्षांचा अॅडव्हान्स्ड स्टँडिंग कोर्स लागतो. त्याची फी लाखांत, आणि लाख डॉलरचे. म्हणून बऱ्याच जणी हायजिनकडे वळतात. फ्लोरिडात परदेशी डेंटिस्टला हायजिनचं कॉलेज न करता ठरलेल्या परीक्षा देऊन हायजिनिस्ट होता येतं, तेव्हा तिथे राहत असाल तर आधी राज्याच्या डेंटल बोर्डाचे नियम वाचा. बाकी बहुतेक राज्यांत तुम्हीही माझ्यासारख्याच पहिलीपासून.

आधी व्हिसा, मग बाकीचं

एच-४ वर शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, पूर्णवेळसुद्धा चालतं. नोकरी करायची तर वर्क परमिट हवं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल, तर २०१५ पासून जोडीदाराला ते मिळू शकतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हायजिनिस्टच्या नोकरीवर एच-१बी मिळेल या भरवशावर राहू नका. तो व्हिसा किमान बॅचलर पदवी लागणाऱ्या कामासाठी आहे, आणि हायजिनिस्ट व्हायला असोसिएट पदवी पुरते. तेव्हा कोर्स संपेल त्या वर्षी तुमच्या हातात काम करायचा अधिकार कुठून येणार, हे घरात बसून कागदावर मांडा. आमच्या वर्गातली एक गुजराती मुलगी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली आणि वर्क परमिटची वाट बघत चौदा महिने घरी बसली. तेवढ्यात हाताची सवय जाते.

कॉलेज निवडताना

पहिला आणि शेवटचा प्रश्न: कोर्सला 'कोडा'ची मान्यता आहे का? कोडा म्हणजे कमिशन ऑन डेंटल अॅक्रेडिटेशन. ती नसेल तर पुढची राष्ट्रीय परीक्षा आणि लायसन्स, दोन्हीचं दार बंद. मान्यता असलेले तीनशेच्या वर कोर्स आहेत. आपली माणसं जिथे जास्त आहेत तिथली नावं सांगायची तर न्यू जर्सीत मिडलसेक्स, बर्गन आणि कॅमडेन कौंटी, शिकागोकडे हार्पर आणि ड्यूपेज, व्हर्जिनियात नोव्हा (नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज), डॅलसच्या उत्तरेला कॉलिन. आणि डेंटल असिस्टंटचा कोर्स वेगळा, तो डेंटिस्टच्या हाताखालच्या मदतनिसाचा. नावं सारखी वाटतात म्हणून चुकून त्यात नाव घालणारे भेटले आहेत मला.

कौंटीतल्या, म्हणजे त्या जिल्ह्यातल्या, रहिवाशाला फी कमी असते, बाहेरच्याला बऱ्याच ठिकाणी दुप्पट. एच-४ ला रहिवासी धरतात का, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी उत्तर खिडकीगणिक बदलतं. सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांसारख्या मोजक्यांसाठी, एच-४ वाल्यांसाठी नाही. फीखेरीज इन्स्ट्रुमेंट्सचा संच, भिंगाचा चष्मा आणि गणवेश यांचे काही हजार डॉलर होतात. शेवटच्या परीक्षा आणि लायसन्ससाठी दोन हजारांच्या आसपास वेगळे ठेवा.

आधीचे विषय

थेट हायजिनला प्रवेश मिळत नाही. आधी अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, भाषण, असे विषय करावे लागतात. यादी कॉलेजगणिक थोडी बदलते. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन वेस किंवा ईसीई या संस्थांकडून करून घेता येतं. त्यात विषयवार अहवाल मागवा, नुसता 'पदवी समकक्ष' असा दाखला कामाचा नाही. माझ्या बी.कॉम.चे काही क्रेडिट धरले, सायन्स मुळात नव्हतंच. पण बी.एस्सी. आणि बीडीएसवाल्यांनाही धक्का बसतो: बऱ्याच कॉलेजांना सायन्सचे विषय गेल्या पाच-सात वर्षांतले लागतात.

अॅनाटॉमी आणि मायक्रो एकाच सत्रात घेऊ नका. काही कॉलेजं पुन्हा दिलेल्या विषयाचे गुण कमी धरतात किंवा धरतच नाहीत, त्यामुळे 'सी' मिळाला तर पुढच्या वर्षी सुधारू, हा हिशेब इथे चालत नाही. प्रवेश गुणांच्या बेरजेवर होतो. सायन्सच्या ग्रेड, टीज किंवा हेसी नावाची प्रवेश परीक्षा, कौंटीतला रहिवास, दवाखान्यात बसून निरीक्षण केल्याचे तास, असं सगळं मोजतात. काही ठिकाणी पात्र ठरलेल्यांतून चिठ्ठ्या काढतात. जागा साधारण दोन-अडीच डझन, आणि बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच प्रवेश.

माझं गेलेलं वर्ष

हेपटायटिस-बीची लस. नेहमीच्या लशीचे तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. मग एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आल्याचा दाखला, ज्याला इथे टायटर म्हणतात. आमच्या लहानपणी ही लस सरसकट देत नव्हते. मी पहिला डोस नोव्हेंबरात घेतला, अर्जाची मुदत जानेवारीअखेर, आणि माझ्या कॉलेजला कागद अर्जासोबतच हवे होते. सप्टेंबरचा वर्ग माझ्याविना सुरू झाला. काही कॉलेजं प्रवेश मिळाल्यावर कागद मागतात, पण त्यावर विसंबू नका. आता महिन्याच्या अंतराने दोनच डोसची एक लसही मिळते, डॉक्टरांना ती विचारा. आणि आधी टायटर करून बघा, लहानपणी कुणी दिली असली आणि टायटर पुरेसं निघालं तर सुटलात.

दुसरं भूत टीबीच्या चाचणीचं. तुमच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असणार. कातडीखाली टोचून दोन-तीन दिवसांनी बघतात ती चाचणी बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, मग पत्रं, मग फेऱ्या. पहिल्यांदाच सांगा की बीसीजी झालेलं आहे, रक्ताची चाचणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

पहिलं सत्र: हात

आतापर्यंतचं सगळं कागदांचं होतं. खरा कोर्स हाताचा आहे. पहिले काही महिने पेशंट नाही, प्लॅस्टिकचं डोकं आणि त्यात बसवलेली दातांची कवळी, टायपोडॉन्ट. इन्स्ट्रुमेंट अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, मधलं बोट खाली टेकलेलं, आणि अनामिका शेजारच्या दातावर घट्ट रोवलेली. या टेकूला फल्क्रम म्हणतात. टेकू सुटला तर पातं घसरतं आणि हिरडी कापते. मला महिनाभर तो साधेना, कारण रांगोळीची चिमूट हातात बसलेली. रांगोळीत हात अधांतरी फिरतो, इथे अनामिका जागची हलता कामा नये, सगळा जोर मनगटाच्या फिरकीतून यायचा.

दाढांसाठी ग्रेसी क्युरेट, म्हणजे किटण खरवडायची वाकड्या पात्याची इन्स्ट्रुमेंट्स असतात, त्यांना नंबर. दाढेची पुढची बाजू ११-१२ ने, मागची १३-१४ ने. दांडीचा शेवटचा तुकडा दाताच्या पृष्ठभागाला समांतर दिसला की पातं बरोबर लागलंय, ही एकच खूण पाठ करा. टायपोडॉन्टच्या दातांवर नेलपॉलिशचे ठिपके लावा, वाळू द्या आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खरवडा. ठिपका एका तुकड्यात सुटला तर कोन बरोबर, भुगा झाला तर चूक.

नवख्यांची मोठी चूक एकच, इन्स्ट्रुमेंट घट्ट धरणं. घट्ट धरलं की बोटं बधिर होतात आणि किटण हाताला कळत नाही. हिरडीखाली डोळ्यांना काही दिसत नसतं. एक्स्प्लोरर नावाची तारेसारखी बारीक सुई हलकेच फिरवायची आणि ती अडखळते तिथे थांबायचं. शहाबादी फरशीवरून नख फिरवत जावं आणि सांध्यावर ते अडावं, तसं वाटतं. हे पुस्तकात वाचून येत नाही. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा दुसरं सत्र अर्धं संपलं होतं, आणि बाईंनी आधी चार वेळा "इथे आहे, परत शोध" म्हणून हात धरून दाखवलं होतं.

धार लावायलाही शिकवतात. दगडावर पात्याचा कोन जपत दहा-बारा हात. आपल्या गल्लीत सायकल उलटी करून सुऱ्या पाजळणारा यायचा, त्याला जे सहज जमायचं त्यात आमचं एक आख्खं प्रॅक्टिकल गेलं. कंटाळा करू नका. बोथट पातं किटण काढत नाही, त्याला पॉलिश करून गुळगुळीत करतं, मग ते सापडतही नाही.

बीडीएसवाल्यांना इथे एक अडचण येते. आपल्याकडे खालच्या डाव्या पहिल्या दाढेला 'थ्री-सिक्स' म्हणतात. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेला १, तिथून वरून डावीकडे १६, मग खाली उतरून १७, आणि उजवीकडे जात ३२. म्हणजे ती दाढ १९. माझी बीडीएस मैत्रीण महिनाभर तक्त्यावर ३६ लिहीत होती आणि बाई विचारत होत्या, या पेशंटला दात तरी किती आहेत?

पेशंट तुम्हालाच शोधायचे आहेत

हे प्रवेशाच्या वेळी कुणी मोठ्याने सांगत नाही. पास व्हायला ठरलेल्या प्रकारचे ठरलेले पेशंट लागतात: लहान मूल, म्हातारं माणूस, हिरड्यांचा आजार असलेले, आणि भरपूर किटण असलेले काही क्वाड्रंट, म्हणजे तोंडाचे चतुर्थांश. कॉलेज काही देतं, बाकीचे तुम्ही आणायचे. पेशंट आला नाही तर तुमचं सत्र वाया, त्याचं कारण कुणी ऐकत नाही. म्हणून प्रत्येक वेळेला एक राखीव माणूस तयार ठेवा.

मी मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत कागद वाटले. लोक हसले, पण चौदा नावं मिळाली. देशी किराणा दुकानाचा फलक, देऊळ, कॉम्प्लेक्सचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडे लिहा. सर्वांत चांगले पेशंट म्हणजे पाहुणे व्हिसावर आलेले कुणाचे तरी सासू-सासरे. त्यांना इथला डेंटल इन्शुरन्स नसतो, दहा-दहा वर्षं दात साफ केलेले नसतात, वेळ भरपूर असतो, आणि कॉलेजच्या दवाखान्यात खर्च नाममात्र. त्यांना आधीच स्पष्ट सांगा: एकेका वेळेला तीन-चार तास लागतील, दोन-तीनदा यावं लागेल, दात भरून किंवा काढून मिळणार नाही. अर्ध्यावर सोडून भारतात परत गेलेला पेशंट हे आमच्या वर्गातलं सर्वांत मोठं दुःख होतं, तेव्हा परतीच्या तिकिटाची तारीख आधी विचारा.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका कोल्हापूरच्या आजी माझ्या पहिल्या अवघड पेशंट. फॉर्मवर 'तंबाखू' समोर ठसठशीत 'नाही'. तोंड उघडलं तर पटाशीच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ आणि हिरड्या खाली सरकलेल्या. मी मराठीत विचारलं, "आजी, मिश्री लावता का?" "ती होय, ती रोजच लावते की. पण तंबाखू नाही हो खात मी." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. आपल्या माणसांना मिश्री, गुटखा, सुपारी एकेक नाव घेऊन विचारा, आणि गालाच्या आतला भाग, जिभेखालचा भाग पांढऱ्या चट्ट्यांसाठी नीट बघून बाईंना दाखवा.

त्याच आजींनी माझं एक सत्रही बुडवलं. सुरुवातीला रक्तदाब घ्यावाच लागतो. तो निघाला १८४ वर ११२. आमच्याकडे १८० वर ११० च्या पुढे पेशंट घेत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "तपासायला जायचं म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही, मग गोळी कशी घेणार?" बिचाऱ्या उपाशी, मी रडवेली. तेव्हापासून आदल्या रात्री फोन करून सांगते: पोटभर जेवून, रोजच्या सगळ्या गोळ्या घेऊन या, आणि गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.

दवाखान्यातला क्रम ठरलेला असतो. आधी आजारांची माहिती, मग तोंडाची तपासणी, बाईंची सही. मग प्रोब नावाच्या खुणा असलेल्या बारीक काडीने प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडीच्या फटीची खोली मोजायची. २८ दात म्हणजे १६८ आकडे. मग एकेक क्वाड्रंट साफ करायचा, आणि प्रत्येकानंतर बाई एक्स्प्लोरर फिरवून राहिलेलं किटण मोजतात. त्यांच्या हाताला लागलं, तुम्हाला लागलं नाही, की गुण गेले. भूल द्यायचं इंजेक्शन मात्र आधी एकमेकींनाच देतात. ज्या मुलीशी तुमचं पटत नाही, तिच्याशी जोडी लागायच्या आत समेट करून ठेवा.

परीक्षा

लेखी राष्ट्रीय परीक्षेला एनबीडीएचई म्हणतात. एका दिवसात ३५० प्रश्न: २०० सुटे, १५० पेशंटच्या केसवर. पास व्हायला ७५ चा स्केल्ड स्कोअर. केसचे प्रश्न सोडवताना एक्स-रे वाचता यायला हवा, त्याचा सराव शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. दुसरी प्रात्यक्षिक परीक्षा, बऱ्याच राज्यांत अॅडेक्स नावाची. कोविडनंतर पुष्कळ ठिकाणी ती माणसाऐवजी मॅनिकिनवर देता येते, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी पेशंट पळून जायची भीती गेली. शिवाय राज्याच्या कायद्यांची छोटी परीक्षा. लायसन्स त्या-त्या राज्याचं, नवऱ्याची बदली झाली की नव्याने अर्ज.

पहिली नोकरी

अमेरिकेच्या श्रम खात्याच्या आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये हायजिनिस्टच्या वार्षिक कमाईचा मध्य ९४,२६० डॉलर होता. आकडा बघून हुरळू नका. बऱ्याच जागा आठवड्यातून दोन-तीन दिवसांच्या, तासावर पैसे, आणि आरोग्य विमा नाही. मान आणि मनगट हे तुमचं भांडवल, ते पहिल्या वर्षी पाचही दिवस काम करून झिजवू नका.

मुलाखतीऐवजी 'वर्किंग इंटरव्ह्यू' म्हणून दिवसभर पेशंट बघायला बोलावतात. त्या दिवसाचे पैसे मिळायला हवेत, आदल्या दिवशी लेखी विचारून घ्या. मला एका ठिकाणी सात पेशंट बघायला लावून फक्त सँडविच खाऊ घातलं. आणि तिथे गेल्यावर कुणी तुम्हाला खोली, कॉम्प्युटर, कॉफीचं मशीन दाखवायला लागलं की तुम्ही ट्रे उघडून एक क्युरेट धार तपासायच्या प्लॅस्टिकच्या टेस्ट-स्टिकवर टेकवून बघा. चावलं तर ठीक. घसरलं, तर विचारा इथे धार कोण लावतं, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर दुसऱ्या दिवशी आपला दगड घेऊन जा.